कपाटामागची खिडकी

माझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या दादांना, ऐकू येत नाही. 'जरा कमी ऐकू येतं' असं पाहुणे सभ्यपणे म्हणतात, पण तसं काही नाही. ठार बहिरे आहेत, जोरात ओरडलं तरच जेमतेम काही पोचतं. पिंपरीतल्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे पत्र्यावर दिवसभर घाव पडायचे, आणि कानात घालायला दिलेले बोळे ही माणसं खिशात ठेवून काम करायची. बोळे घातले की मशीन काय म्हणतंय ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मशीनचं ऐकता ऐकता घरच्यांचं ऐकायचं राहून गेलं. आई होती तेव्हा चिडून म्हणायची, "त्या प्रेसशीच लग्न लावायचं होतं यांचं."

कान गेले तसे दादा हाताने ऐकायला लागले. मशीनच्या अंगावर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, हिचं बेरिंग जायला लागलंय, हिचा बोल्ट सैल आहे. रिटायर झाल्यावरही दोनदा कंपनीची गाडी त्यांना न्यायला मोशीला आली होती. घरीही तीच सवय. फ्रिज, पाण्याची मोटर, माझी स्कूटर, सगळ्यांना हात लावून बघायचे. मला याची गंमत वाटायची आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटायची.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाडीचे छोटे पार्ट तपासते. माझ्या कामात कुणाच्या हाताला काय वाटतं याला किंमत नसते, मापाच्या गेजमध्ये पार्ट बसला तर पास, नाही तर लाल खोक्यात. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना मी 'कशावरून?' असं विचारते. लग्न मोडलं तेव्हा सासूबाई हेच म्हणाल्या होत्या, की ही बाई नवऱ्याचीही तपासणी करते. तेव्हापासून मी आणि दादा असे दोघंच मोशीच्या घरात राहतो.

हे घर दादांनी सुट्टीच्या गुरुवारी राबून बांधलेलं. आधी पुढच्या दोन खोल्या, मग मी शाळेत असताना मागे दोन खोल्या भाड्याने द्यायला. मागच्या खोल्या जुन्या भिंतीला टेकवूनच घेतल्या, त्यामुळे दादांच्या खोलीची मागची खिडकी बुजवावी लागली. दोन्ही अंगांनी विटेचा पातळ थर, आणि मधे वीतभर पोकळी तशीच राहिली. जुन्या आणि नव्या भिंतीच्या सांध्याला, घराशेजारच्या बोळाकडून, बोटभर फटही राहिली होती. त्या फटीतून सातेरी माश्या आत गेल्या. सातेरी म्हणजे अंधारात, ढोलीत पोळी बांधणाऱ्या लहान मधमाश्या. आग्या मोहोळासारख्या त्या उघड्यावर लटकत नाहीत, त्यामुळे कधी आल्या ते आम्हाला कळलंच नाही.

कळलं ते दादांना. मागच्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास ते खाटेवर टेकून बसले होते. पाठ भिंतीला लागली आणि एकदम वळून त्यांनी तळवा भिंतीवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"पोरी, भिताडात कायतरी चालू हाय."

मी म्हटलं, मागच्यांचा फ्रिज असेल. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी काठी टेकत बोळात गेले, फटीतून माश्या ये-जा करताना पाहिल्या आणि परत येऊन मला असे सांगायला लागले की जणू घरात पाळणा हलला. त्या दिवसापासून सकाळी चहा झाला की खाट सरकवून, तळवा भिंतीला लावून बसायचे. कधी एकटेच हसायचे. थंडीत हळू चालतं म्हणायचे, ऊन चढलं की जोरात. "आपल्याला ऐकाया येतंय बघ," असं एकदा म्हणाले. आई गेल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं, हे मी तेव्हाही जाणून होते.

मग फेब्रुवारीत मागच्या भाडेकरूंच्या मुलीच्या पापणीला माशी चावली. पोरीचा डोळा सुजून बंद झाला. ही मंडळी लातूरकडची, नवरा भोसरीत कामाला, बायको घरी शिलाई करते. ती मुलीला कडेवर घेऊन माझ्या दारात आली.

"ताई, लेकराचा डोळा बघा की. माझ्या भावाच्या वळखीचा फवारणीवाला हाय. धा मिनिटांत साफ करतो म्हन्ला."

तिचं काहीच चुकत नव्हतं. मी दादांना ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी वळून भिंतीला तळवा लावला. मग म्हणाले, "लेकरू म्हत्त्वाचं. पन मारायच्या न्हाईत. जित्या न्यायच्या, समद्या. शबूद दे."

मी शब्द दिला. दादा माझ्याकडे काही मागत नाहीत, पेन्शनमधून स्वतःचा तंबाखूही स्वतः आणतात. त्यामुळे हा शब्द मला चांगलाच आठवतो.

फवारणीवाल्याला नाही म्हणून मी माश्या जिवंत काढणारा माणूस शोधला. तो साताऱ्याच्या डोंगरातला, इकडे वेल्डर म्हणून कामाला आला होता आणि सुट्टीच्या दिवशी हे काम करायचा. त्याच्या गावी घरोघरी मधाच्या पेट्या असतात, म्हणे. काढलेली वसाहत तो खेडच्या पुढे एका ओळखीच्याच्या पेरूच्या बागेत ठेवायचा. त्याचीही सुट्टी गुरुवारची, माझीही. मी कागदावर कामं लिहिली, माझी सवयच आहे ती: माश्या काढणे, जागा साफ करणे, भोक बंद करणे, रंग. पुढच्या आठवड्यानंतर आमच्या कंपनीत कस्टमरचं ऑडिट होतं आणि मला घरातलं कुठलंही काम लोंबकळत ठेवायचं नव्हतं.

गुरुवारी तो लाकडी पेटी, धूर द्यायचा डबा आणि जाळीची टोपी घेऊन आला. मी दादांना अंगणात खुर्ची टाकून बसवलं. त्यांना आत थांबायचं होतं. मी म्हटलं, माश्या चावतील, मग मला दवाखान्यात पळावं लागेल. ते बसले, पण खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसले.

त्या माणसाने भिंतीवर बोटाने टकटक करत पोकळ जागा शोधली. खाटेच्या डोक्याशी पोकळ आवाज आला. उजव्या बाजूला दादांचं लोखंडी कपाट होतं, आईच्या रुखवतातलं, चार माणसांशिवाय न हलणारं.

"ह्या कपाटामागं काय हाय, ताई?" त्याने विचारलं.

"काही नाही. भरीव भिंत आहे," मी म्हटलं.

मला माहीत नव्हतं. ती खिडकी बुजवली तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. माहीत नाही असं म्हणणं मला जमत नाही, एवढंच. ज्याने भिंत बांधली तो माणूस दहा पावलांवर बसला होता, आणि त्याला विचारायचं तर अंगणात जाऊन ओरडावं लागलं असतं. मला तेवढाही कंटाळा आला. आणि तो प्रश्न दादांच्या कानापर्यंत पोचण्याचा तर सवालच नव्हता.

त्याने विटा हळूहळू काढल्या. आत सहा पोळी होती, एकाशेजारी एक, माश्यांनी काळीभोर झालेली. मी दारातून, ओढणी तोंडाला गुंडाळून बघत होते. त्याने थोडासाच धूर दिला, पोळी एक एक करून कापली, अंडी-पिल्लं असलेला भाग लाकडी चौकटींना केळीच्या सोपटाने बांधला आणि पेटीत लावला. कसली म्हणून घाई नाही. एकदा त्याने मला जवळ बोलावून राणी दाखवली, लांबट, बाकीच्यांपेक्षा गडद. ती पेटीत गेल्यावर माश्या पेटीच्या दाराशी शेपट्या वर करून पंख हलवायला लागल्या. "बोलावतायत बाकीच्यांना," तो म्हणाला. मला खरंच भरून आलं. मी मनात एका कामापुढे बरोबरची खूण केली.

संध्याकाळपर्यंत बहुतेक माश्या पेटीत गेल्या. अंधार पडता पडता त्याने पेटीचं दार जाळीने बंद केलं. जाताना मला दोनदा बजावलं, "फट आणि हे भगदाड उद्या रात्रीपर्यंत उघडं राहू द्या, ताई. मागं राहिलेल्या बाहेर येऊन घोंगावतील. मी उद्या ड्युटीवरनं येतो लहान पेटी घेऊन. एकदा आत नीट बघतो आणि मग बंद करा." दादांनी पेटीवर हात ठेवला, त्याच्या पाठीवर हात ठेवला. माणूस मोटरसायकलला पेटी बांधून गेला.

आमच्या ओळखीचा गवंडी शुक्रवारी सकाळी सात वाजता येणार होता. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तो शुक्रवारीच मोकळा होता, शनिवारपासून वाकडला कुठल्याशा टॉवरवर महिनाभर जाणार होता. मोशीत आज गवंडी मिळणं म्हणजे लग्नाला मुलगी मिळण्याहून अवघड. मी भगदाडात टॉर्च मारून पाहिलं. पाच-दहा माश्या फिरत होत्या. पाच-दहा माश्यांसाठी काम महिनाभर अडकवायचं? कंपनीत आम्ही म्हणतो, पॉइंट उघडा ठेवायचा नाही, क्लोज करायचा. मी गवंड्याला म्हटलं, करा बंद. त्याने भगदाड विटांनी बुजवलं, बोळातली फटही सिमेंट कोंबून बंद केली. मी कामावर थोडी उशिराच पोचले, पण समाधानाने.

दुपारी माश्या काढणाऱ्या माणसाचा फोन आला. त्याला ओव्हरटाइम लागला होता, आज जमणार नाही, उद्या येतो म्हणाला. मी म्हटलं, गरज नाही, बंद केलंय. "ठीक हाय ताई," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी मी घरी आले तर दादा ओल्या गिलाव्याशेजारी तळवा लावून उभे होते.

"चालू हाय अजून."

मी बॅग टेकवली, चपला काढल्या. "नेल्या त्या, दादा. पेटीतून नेल्या."

"आं?"

"नेल्या!"

"न्हाई. हायेत. हळू हाय पन हाय."

शनिवारी तेच. रविवारी तेच. मी जेवण वाढत असताना ते ताटावरून उठून भिंतीपाशी जायचे. सोमवारी मी ठरवलं की एकदाचा सोक्षमोक्ष लावू. मागच्या बाईला हळूच सांगून तिचा फ्रिज बंद करायला लावला. तिचा फ्रिज त्याच भिंतीला टेकलेला, मला खात्री होती की दादांना लागतंय ते त्याचंच. दादांना यातलं काही सांगितलं नव्हतं. ते डोळे मिटून, तळवा लावून उभे होते. तिकडे फ्रिज बंद झाला आणि दादा डोळे न उघडता म्हणाले, "एक बंद झालं. दुसरं चालू हाय."

फ्रिज पुन्हा लावायला सांगितला. "पयलं लागलं," दादा म्हणाले.

कंपनीत आम्ही माणसांची अशीच परीक्षा घेतो. पार्ट तोच, माणसाला न सांगता पुन्हा पुढे ठेवायचा, दरवेळी तेच उत्तर येतं का बघायचं. दादांसारखं उत्तर एखाद्या ऑपरेटरने दिलं असतं तर मी डोळे झाकून सही केली असती. इथे मी काय केलं? मी भिंतीला माझा कान लावला. रस्त्यावरून टेम्पो जात होते, वरच्या टाकीत पाणी पडत होतं, मला काही ऐकू आलं नाही. आणि मी ठरवून टाकलं की काही नाही.

खरं कारण मी आता सांगू शकते. भिंत पुन्हा फोडायची म्हणजे कपाट हलवायचं, गवंडी शोधायचा, सिमेंटची घाण, त्या माणसाला फोन करून 'माझं चुकलं' म्हणायचं. ऑडिट डोक्यावर. आणि दादा बरोबर असतील तर मी दिलेला शब्द मीच मोडलेला, हे कबूल करावं लागणार. मला ते नको होतं.

मंगळवारी दादांनी स्वतःच कपाट सरकवायचा प्रयत्न केला. मी शिफ्टवरून आले तर ते जमिनीवर बसलेले, घामाने ओले, आणि कपाट जागचं तसूभरही हललेलं नाही. म्हणाले, "हेच्या मागं फोड. खिडकीची दुसरी बाजू हाय तिथं." मी ते ऐकलं. शब्द कानावर पडले, पण मला दिसत होता फक्त त्यांचा धपापणारा छातीचा भाता आणि माझ्यामागे लागणारं आणखी एक काम. मी भडकले. बहिऱ्या माणसावर भडकायचं तर तेही ओरडून करावं लागतं, आणि एकदा करून भागत नाही.

"दादा, तुमचे कान वाजतात!"

"आं?"

"भिंत नाही वाजत! तुमचे कान वाजतात! म्हातारपणाने!"

मागची शिलाई मशीन थांबल्याचं मला ऐकू आलं. दादांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग उठले, खाटेवर जाऊन बसले आणि टीव्ही लावला, नेहमीसारखा आवाज न करता.

पण त्यांनी सांगणं सोडलं नाही. रोज मी कामावर निघताना एकदाच, फार जोर न देता म्हणायचे, "चालू हाय." देवाला हात जोडावेत तसं एकदा म्हणून मोकळे व्हायचे. मी मान डोलवायची आणि स्कूटर काढायची. शनिवारी म्हणाले, "लई बारीक झालं." मी त्यालाही मान डोलवली.

दुसऱ्या रविवारी ते काही बोलले नाहीत. सोमवारीही नाही. सकाळी भिंतीपाशीही गेले नाहीत, उन्हात खुर्ची टाकून तंबाखू मळत बसले. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण मला आनंद झाला होता. म्हटलं, डोक्यातलं खूळ गेलं. मंगळवारी ऑडिट झालं, एकही मोठी चूक निघाली नाही, साहेबांनी पेढे वाटले. मी दोन पेढे कागदात बांधून दादांना आणले. त्यांनी एक खाल्ला आणि चांगला आहे म्हणाले.

मार्च संपता संपता ऊन कडक झालं. एका संध्याकाळी दादांच्या खोलीत कपाटाच्या बाजूने, नव्या रंगावर तपकिरी ओल दिसली. वरून खाली ओघळ आलेला. मी सरळ मागच्या बाईकडे गेले आणि तिला फैलावर घेतलं की मोरीचं पाणी मुरतंय, कपडे तिथे धुवू नका म्हणून कितीदा सांगितलं. ती बिचारी म्हणाली, मोरी तर दुसऱ्या अंगाला हाय की ताई. मी परत आले आणि ओल बोटाने चाचपली.

बोट चिकटलं. ओघळाला मुंग्यांची रांग लागली होती. मी बोट नाकाशी नेलं. मध होता.

माश्या काढणाऱ्या माणसाला फोन लावला. मी काय बोलले मला आठवत नाही, पण तो पुढचा गुरुवार येईपर्यंत थांबला नाही, दुसऱ्याच दिवशी ड्युटीवरून थेट आला. मागच्या बाईचा नवरा, तो, मी आणि शेजारचे एक जण अशा चौघांनी कपाट ओढलं. दादा या वेळी खोलीतच होते. मी त्यांना बाहेर जा म्हटलं नाही. ते कपाटाच्या मागच्या भिंतीकडे गेले आणि बोटाने हवेत एक चौकोन काढून दाखवला, इथून इथपर्यंत. त्या माणसाने तिथेच छिन्नी लावली.

खिडकी दोन भागांची होती. मधे विटेचा खांब, आणि खांबाच्या माथ्यावर चार बोटं जागा. माश्या त्या जागेतून पलीकडे गेल्या होत्या. पलीकडे तीन पोळी होती. वरचा मधाचा भाग उन्हाने मऊ होऊन खाली कोसळला होता, त्याचाच तो ओघळ. तळाला मेलेल्या माश्यांचा थर होता, ओंजळ दोन ओंजळी नाही, चांगला घमेलंभर. काही पोळ्यालाच चिकटून मेल्या होत्या, डोकी आत खुपसून. वास आंबूस होता. मागच्या बाईने तोंडाला पदर लावला आणि मुलीला तिकडे नेलं.

मग पोळ्याचा एक तुकडा कापून त्या माणसाने माझ्यापुढे धरला. त्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखं काहीतरी लोंबत होतं, तोंड बंद केलेलं.

"राणी आपण नेली ना," तो म्हणाला, "मग ह्यांनी अंड्यातनं नवी करायला घेतली होती. हा तिचा कोष. हिकडं पिल्लं होती, मध होता. मधावर काढले हो इतके दिवस. दोन-तीन दिवस अजून मिळते तर ती बाहेर आली असती." नंतर म्हणाला, "भिंत उघडी असती तर."

त्याने नखाने कोष फोडला. आत पांढरी, पाय पोटाशी घेतलेली राणी होती. पंख फुटायचे राहिले होते. चारी बाजूंनी सिमेंट केलेल्या भिंतीत, आई नेलेली, तहानलेल्या, तरी त्यांनी संसार मोडायचा विचारच केला नव्हता. मी वीस वर्षं माल तपासते, पण माझ्या सहीने असं काही झालेलं मी कधी हातात धरलं नव्हतं.

दादा आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. "काय म्हनतोय त्यो?"

मी हळू आवाजात म्हटलं, "आत राहिल्या होत्या."

"आं?"

"राहिल्या होत्या आत, दादा."

त्यांनी कानाशी हात नेला. मग मला ओरडावं लागलं. "जिवंत होत्या! तुम्ही सांगत होता तेव्हा जिवंत होत्या! माझं चुकलं! तुमचं बरोबर होतं!" आवाज फाटला. बोळात कुणीतरी थांबलं, मागच्या खोलीच्या दारात ती बाई पुन्हा आली, शेजारचे गृहस्थ जमिनीकडे बघत राहिले. त्यांच्या कानापर्यंत पोचेल अशा आवाजात मी कबुली दिली, आणि ती सगळ्या गल्लीने ऐकली. दादांनी ऐकली की नाही ते मला कळेना, म्हणून मी पुन्हा ओरडले.

"मला ठावं हाय," दादा म्हणाले. शांतपणे म्हणाले, रागाचा लवलेश नव्हता. "रईवारी पहाटं बंद पडल्या."

"मग सांगितलं का नाही मला?"

त्यांना हे कसं कळलं कोण जाणे, मी ओरडले नव्हते. "सांगून काय व्हनार हुतं," ते म्हणाले. "तू कामाव चालली हुतीस."

माश्या आम्ही घमेल्यात भरल्या आणि अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी पुरल्या. त्या माणसाने पैसे घेतले नाहीत. खेडच्या बागेतली वसाहत चांगली धरलीय, असं त्याने जाताना सांगितलं, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून. भिंत नंतर पूर्ण भरून घेतली, या वेळी खरोखरच भरीव.

त्यानंतर दादा माझ्याशी वाईट वागले असं एकदाही झालं नाही. जेवतात, पेपर वाचतात, मी आले की चहा टाकतात. फक्त काही बिघडलं की सांगत नाहीत. पाण्याची मोटर जळाली तेव्हा टाकी कोरडी पडल्यावर मला कळलं. त्यांना आधी कळलं नसेल असं होणं शक्य नाही, मोटर त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर आहे. मी रोज विचारते, दादा, सगळं ठीक ना? ओरडून विचारते. समदं ठीक हाय, म्हणतात.

गेल्या महिन्यात जिन्यावर ते मधेच बसले आणि त्यांना उठता येईना, म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्यापुढे धरलं: दम कधीपासून लागतोय?

दादांनी कागद वाचला. छातीच्या डाव्या बाजूला तळवा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "दिवाळीच्या आधीपास्नं. तवापासनं खालीवर चालतंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "घरी कुणाला सांगितलं नाही का यांनी?"

घरी मीच असते, असं मी म्हटलं.